ओट्याची उंची आधी ठरवा, शटरचा रंग नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या पुरवणीत मॉड्युलर किचनवर अधूनमधून लेख येतात, ते मी आवडीने वाचते, फोटोही छान असतात. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे ती आता लिहूनच टाकते. शटरला कुठला रंग घ्यायचा, अ‍ॅक्रेलिक की लॅमिनेट, हँडल दिसणारं की आत लपलेलं, हे सगळं त्या लेखांत असतं, पण ओटा किती उंच हवा आणि तो घरातल्या कुणाच्या मापाने हवा याबद्दल एक ओळ नसते. आणि घरोघरी तसंच चाललंय. माझ्या ओळखीत मागच्या काही वर्षांत ज्यांनी ज्यांनी किचन नवीन केलं त्यांच्याकडे कोटेशन आलं, थ्रीडी फोटो आले, रंग ठरला, अ‍ॅडव्हान्स गेला, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला उभं करून टेप लावलेला मी फार कमी ठिकाणी बघितला.

हे पत्र आत्ता लिहिण्याचं कारण असं की सध्या नाशकात जिकडे बघावं तिकडे तोडफोड सुरू आहे. सिडकोतली जुनी घरं, इंदिरानगर-राणेनगरचे रो-हाऊस, गंगापूर रोडच्या सुरुवातीच्या काळातल्या सोसायट्या, सगळ्यांचे ओटे आता जुने झाले. त्यात २०२७ चा सिंहस्थ, गावाकडचे पाहुणे येणार, मग निदान किचन आणि बाथरूम तरी करून घेऊ असं घरोघरी बोलणं चालू आहे. लोक लाखांत पैसे घालणार आहेत आणि एकदा केलेला ओटा पुढची वीस वर्षं तरी कुणी फोडत नाही. म्हणून म्हटलं वेळेत लिहावं.

मी अंबडला एका कारखान्यात असेंब्ली लाईनच्या प्लॅनिंगचं काम करते. आमच्याकडे नवीन वर्कस्टेशन लावायचं झालं की पहिला प्रश्न असतो की इथे उभं कोण राहणार. त्या ऑपरेटरचं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं ते बघतात, हात किती लांब जातो ते बघतात, सारखं वाकावं लागत असेल तर टेबल बदलतात, कारण पाठ गेली की माणूस सुट्टीवर जातो आणि लाईन थांबते. घरात एक बाई सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढीच उभी राहते, वर्षानुवर्षं, आणि तिच्या ओट्याची उंची ठरवतो गवंडी, ती पण शेजारच्या घरात केली तेवढी. मला हे फार लागतं, खरंच. चाळिशीतल्या किती जणी पाठ धरून बसतात, खांदे दुखतात म्हणतात, डॉक्टर गोळ्या देतात, व्यायाम सांगतात, पण ओटा कुणी मोजत नाही.

हिशेब अवघड नाहीये. घरात नेहमी घालतो ती चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कोपर जमिनीपासून किती आहे ते दुसऱ्याला मोजायला सांगायचं. त्याच्यातून चार ते सहा इंच कमी केले की भाजी चिरायला, कणीक मळायला योग्य उंची मिळते. साधारण पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर ३७-३८ इंचांवर येतं म्हणजे तिला ३२-३३ चा ओटा हवा, आणि साडेपाच फुटांच्या माणसाला ३६ च्या आसपास. बाजारात सरसकट ३४ करतात, नाहीतर कंपनीच्या तयार कॅबिनेटचं जे माप असेल ते. घरात दोघं वेगवेगळ्या उंचीचे असतील तर जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या मापाने ओटा करा आणि दुसऱ्यासाठी जाड लाकडी पाट ठेवा, त्यावर तो चिरेल. आमच्याकडे मुलगा रोज पोळ्या करतो, उंच आहे, त्याच्यासाठी असा पाट आहे आणि तो निवांत करतो. कमी उंचीचा ओटा पाटाने वर घेता येतो पण जास्त उंच ओटा खाली आणता येत नाही, मग बाईच पायाखाली पाट घेऊन उभी राहते, आणि ओल्या फरशीवर, हातात गरम कढई असताना पायाखाली पाट घेणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

आता यात गॅसची गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. ३४ इंच ओटा, त्यावर चार-पाच इंचांची शेगडी, तिच्यावर कढई नाहीतर कुकर. म्हणजे ढवळताना हात जवळजवळ खांद्याच्या उंचीला जातो. पिठलं घोटायचं, शिरा परतायचा, दूध आटवायचं अशी कामं ज्या करतात त्यांना विचारा. म्हणून जुनं फोडायचंच असेल तर जिथे शेगडी ठेवणार तेवढा ग्रॅनाइटचा तुकडा तीन-चार इंच खाली घ्यायला सांगा. दगड कापायची आणि जोड भरायची थोडी मजुरी वाढते, बाकी काही नाही. ओट्यात बसवलेला हॉब घेतला तर बर्नर आपोआप खाली येतो आणि वेगळा खड्डा करायची गरज उरत नाही, पण मग हॉबचं कटआउट त्या मॉडेलच्या मापानेच कापावं लागतं, आणि तो रिपेअर करायला खालून हात जाईल एवढी जागाही ठेवावी लागते.

आमच्या घरात अजून एक विषय होता. माझं सासर खानदेशातलं, सासूबाई मांडे करतात, खापरावरचे. ज्यांनी बघितलं असेल त्यांना माहितीये, हातावर फिरवत फिरवत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा, त्याला बसायची जागा लागते, दोन्ही बाजूंना हात मोकळे लागतात आणि आच चहूकडून लागते. हे उभ्या ओट्यावर, वर चिमणी आणि बाजूला कॅबिनेटचं शटर असताना कसं करणार? डिझाइन करणाऱ्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, काकू आता कोण करतं हे घरी. पण आमच्याकडे करतात ना! अक्षय्य तृतीयेला (आमच्याकडे आखाजी म्हणतात) आणि पाहुणे आले की करतातच, आणि सिडकोत निम्मी गल्ली जळगाव-धुळ्याकडची आहे, त्यांच्याकडेही करतात. मग आम्ही ड्राय बाल्कनीत बैठ्या शेगडीची जागा काढली, तिथे गॅसचा वेगळा पॉइंट आणि वर मोकळी जाळी. सासूबाईंना आता उभं राहून काम होत नाही, त्या तिथे बसून लसूण सोलतात, भाजी निवडतात, बाजरीची भाकरीसुद्धा तिथेच थापतात. म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाकघरात बसून काम करायला एक कोपरा असणं याला मी चिमणीपेक्षा जास्त महत्त्व देईन.

सांगायचा मुद्दा हा की प्लॅन कागदावर यायच्या आधी आपण आपल्या घरात वर्षभर काय काय करतो ते लिहून काढायला पाहिजे, आणि ते घरातल्या बायकांनी, पुरुषांनी, म्हाताऱ्यांनी सगळ्यांनी बसून लिहायचं. उन्हाळ्यात कुरडया-पापड होतात का, वर्षाचा काळा मसाला घरी भाजतो का, गौरी-गणपतीला किती पानं वाढतो, दिवाळीच्या फराळाला एकावेळी किती जणी किचनमध्ये असतात. आमच्या जाऊबाई आल्या की तिघी मिळून काम करतात, त्यामुळे दोन ओट्यांच्या मधली जागा किती हे आमच्यासाठी फार मोठं होतं. समोरासमोर ओटे असतील तर मधे किमान साडेतीन-चार फूट हवेत, नाहीतर एक जण ट्रॉली उघडून उभी राहिली की दुसरीला जाता येत नाही.

माझ्या कामाच्या विषयातली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. कारखान्यात माणसाच्या हालचाली मोजून काम सोपं कसं करायचं याचा अभ्यास अमेरिकेत ज्यांनी केला त्यात लिलियन गिलब्रेथ या बाई फार मोठ्या, स्वतः इंजिनीअर आणि बारा मुलांची आई, आणि त्यांनीच पुढे हाच अभ्यास स्वयंपाकघराला लावला. तिकडे जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टमधल्या सरकारी वसाहतींसाठी किचन डिझाइन केलं, फक्त १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्याकडे सव्वासहा बाय अकरा फूट म्हणू, आणि तशी हजारो घरांत बसवली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची सुरुवात तिथली. बाईची पावलं वाचावीत, बसून काम करता यावं, हाताशी वस्तू असाव्यात हा त्यामागचा विचार होता. त्यातला विचार मागे राहिला आणि आपल्यापर्यंत फक्त शटर पोचलं, असं मला शोरूममध्ये फिरताना फार वाटलं.

त्यातूनच पुढे तो त्रिकोणाचा नियम आला, फ्रिज, सिंक आणि गॅस या तिघांमधलं अंतर. तिन्ही बाजू मिळून साधारण तेरा ते सव्वीस फूट असाव्यात असं सांगतात. पण हा नियम तिकडच्या स्वयंपाकावरून आलाय. आपल्याकडे एक चौथी जागा असते, पोळ्या लाटायची. परात, पोळपाट, पिठाचा डबा, तुपाची वाटी आणि झालेल्या पोळ्यांचा डबा एवढं मांडायला गॅसच्या उजव्या-डाव्या कुठल्या तरी एका बाजूला कमीत कमी अडीच फूट सलग ओटा लागतो. नव्या प्लॅनमध्ये गॅस एकदम कोपऱ्यात नेऊन ठेवतात, फोटोत बरा दिसतो म्हणून, आणि मग बाई लाटते एकीकडे, वळून शेकते दुसरीकडे. वीस पोळ्यांना वीस वेळा वळायचं. हे डोळ्यासमोर आणून बघा आणि मगच गॅसची जागा पक्की करा.

साठवणीबद्दल तर मी तासभर बोलू शकते. नाशिककर उन्हाळ्यात गहू भरतात, घोटी-इगतपुरीकडचा तांदूळ भरतात, डाळी उन्हं दाखवून ठेवतात, अजून बऱ्याच घरांत ही पद्धत आहे. ती कोठी मॉड्युलर किचनमध्ये कुठे बसवणार? ट्रॉली ज्यावर सरकते ते टेलिस्कोपिक चॅनल साधारण ३५-४५ किलोपर्यंत वजन घेतात, तेही रोज ओढाताण नसेल तर. त्यात पन्नास किलोची कोठी ठेवली की वर्षभरात चॅनल लोंबकळतात. त्याला आपली साधी जुनी पद्धत चांगली, खाली कडप्प्याचे कप्पे, समोर शटर, आत कोठ्या जमिनीवर. एल आकाराच्या ओट्याचा आतला कोपरा, जिथे हात पोचत नाही, तिथे ते महागडं फिरतं जाळीचं यंत्र बसवण्यापेक्षा वर्षातून चार वेळा लागणारी मोठी पातेली, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, खापर हे सगळं तिथे जातं. ट्रॉल्या हव्यातच, माझा विरोध नाही, ताटं-वाट्या, मसाल्याचे डबे, रोजची भांडी यांना ट्रॉली फार सोयीची, खाली वाकून अंधारात हात घालायचं सुटतं. पण सगळंच ट्रॉलीत बसवायचा आग्रह कशाला. भांडी बाजारातून आणलेले आजेसासूबाईंचे तांब्या-पितळेचे हंडे आमच्याकडे आहेत, ते लॉफ्टवर न टाकता बाहेर दिसतील अशी मांडणी सुताराकडून करून घेतली आणि घरात आलेला प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे बघतो.

आता भिंतीच्या आतल्या गोष्टी, ज्या फोटोत कधीच येत नाहीत. गॅसचं आधी सांगते कारण जिवाचा प्रश्न आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवणार त्याच्या शटरला किंवा बाजूला अगदी तळाशी हवा जायला जाळी हवीच. माझ्या माहितीत एका घरी इतकं बंद कपाट केलं होतं की गळतीचा वास यायला वेळ लागला, नशीब की कुणी बटण दाबलं नाही. आणि आता आपल्याकडे काही भागात एमएनजीएल कंपनीचा पाइपचा गॅस येतोय, हळूहळू सगळीकडे येईल, तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताकडे जातो, त्याला वरच्या बाजूला झरोका किंवा खिडकीचा वरचा भाग उघडा लागतो. आज सिलिंडर आणि उद्या पाइप अशी परिस्थिती असेल तर खाली आणि वर दोन्हीकडे हवा जायची सोय आत्ताच करून ठेवा, आणि पाइप कुठून आत येईल तो रस्ता मोकळा ठेवा, त्यावर फिक्स कॅबिनेट ठोकू नका. शेगडी किंवा हॉब घेताना तो दोन्ही गॅसवर चालतो का हे विचारा, कारण पाइपच्या गॅसला बर्नरचे जेट (गॅस ज्यातून येतो ती बारीक तोंडं) बदलावे लागतात आणि प्रत्येक हॉबचे मिळतातच असं नाही. सिलिंडरची नारंगी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते, तर ती ट्रॉलीच्या मागून, भिंतीच्या भोकातून अशी लपवून नेली की कोण बघणार आणि कोण बदलणार?

लाईटचं असं की जुन्या घरात किचनला एक-दोन पॉइंट असायचे, मिक्सर आणि फ्रिज. आता इंडक्शन २००० वॉट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १३००-१४०० घेतो, तिन्ही एकावेळी चालले तर २१ अँपिअरच्या आसपास जातं, एका १६ अँपिअरच्या लाईनवर ते झेपणार नाही, वायर तापणार. म्हणून टाइल्स लागायच्या आधी, भिंत उघडी असतानाच, इलेक्ट्रिशियनकडून जास्त वॉटच्या वस्तूंना वेगवेगळ्या लाईन, लोड वाढला की लाईन तोडणारे वेगळे एमसीबी आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी लावून घ्या. प्लग कुठे हवेत ते स्वयंपाक करणारीने खडूने भिंतीवर काढून द्यावं. सिंकच्या अगदी वर प्लग नको, गॅसच्या मागे तर नकोच नको.

चिमणी घ्यायची तर तिचा पाइप बाहेर कुठून काढणार ते आधी ठरवा. पाइपला जितकी वळणं तितकी ओढ कमी, मग डब्यावर कितीही मोठा आकडा लिहिलेला असू दे. गॅसपासून साधारण २६ ते ३० इंच उंचीवर ती असावी असं कंपन्याच सांगतात, कमी उंचीची बाई असेल तर तिचं कपाळ आपटणार नाही हेही बघा. आणि चिमणी लावली म्हणून खिडकी बुजवू नका, हे हात जोडून सांगते. वांग्याचं भरीत भाजताना, मिरच्यांचा ठेचा करताना, मसाला भाजताना उघडी खिडकी लागतेच, आणि दिवसा उजेडात तांदळातला खडा दिसतो तो एलईडीच्या पट्टीत दिसत नाही.

पाण्याचं थोडक्यात. खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर आपलं पाणी पडू नये म्हणून सिंकखाली आणि ड्राय बाल्कनीत वॉटरप्रूफिंग करून एक-दोन दिवस पाणी साठवून बघावं, मगच फरशी. आपल्या सोसायट्यांमधली निम्मी भांडणं याच्यावरून आहेत. बाहेर भांडी घासायची सोय असेल तर मोडू नका, खरकटं आत येत नाही. आणि आरओ फिल्टरला जागा सोडायच्या आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती ते, मोजून घ्या. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यात खूप फरक असतो, ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ नको असं हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं, आणि आरओ प्यायच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. लावायचाच असेल तर ते बाहेरचं पाणी बादलीत पडेल अशी नळी काढा, फरशी पुसायला होतं.

मटेरियलमध्ये फसवणूक होते ती नावांमुळे. "वॉटरप्रूफ प्लाय" हा शब्द ऐकून समाधान मानू नका. सिंकखाली आणि ओट्याखाली आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा नंबर) शिक्का असलेला प्लाय मागा, तो उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून तपासायची पद्धत आहे, साधा एमआर म्हणजे फक्त दमट हवा सहन करणारा, तो वरच्या कपाटांना चालेल. कोटेशनमध्ये हे लेखी घ्या आणि माल साईटवर आला की लॅमिनेट चिकटवायच्या आधी शिक्का बघा, नंतर काही दिसत नाही. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या हव्यात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ असं दुकानदार दाखवतात, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच उपाय. ओट्याला आपला काळा ग्रॅनाइट मला अजूनही सगळ्यात चांगला वाटतो. पांढरं मार्बल लिंबू आणि चिंचेने खाल्लं जातं, क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट टेकवला तर डाग पडू शकतो, आणि घाईच्या वेळी खाली कपडा घ्यायचं कुणाला सुचतं.

कामाचा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. तोडफोड, मग नळ आणि लाईटच्या नळ्या, वॉटरप्रूफिंग, ओटा, टाइल्स, आणि टाइल्स झाल्यावरच ट्रॉलीचं शेवटचं माप. टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा मसाला मिळून भिंत इंचभर पुढे येते, आधीच्या मापाने बनवलेली ट्रॉली मग बसत नाही आणि एकमेकांवर ढकलणं सुरू होतं. दर रनिंग फुटाने की स्क्वेअर फुटाने, त्यात आतली पेटी धरली आहे की फक्त समोरचं शटर, बिजागरी-चॅनल धरलेत का, जीएसटी वेगळा का, हे सगळं पहिल्याच दिवशी विचारा, विचारण्यात संकोच नको. पैसे कामाच्या टप्प्याने द्या. पावसाळ्यात सुतारकाम काढू नका, दमट हवेत चिकटवलेलं पुढे उन्हाळ्यात सुटतं, दिवाळी झाल्यावर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, आणि कट्टा हलवायचा असेल तर सोसायटीला लेखी कळवायचं.

एक विषय आपल्या सगळ्या शहराचा. फोडलेला ओटा, जुन्या टाइल्स, विटा जातात कुठे? टेम्पोवाला "टाकून येतो" म्हणतो आणि सकाळी तो ढीग कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर नाहीतर नासर्डी नदीच्या काठी दिसतो. केंद्राने २०१६ मध्ये बांधकामाच्या राडारोड्याचे नियम केले, त्यात ज्याच्या घरातून तो निघतो त्याच्यावरच तो वेगळा करून ठरलेल्या जागी पोचवायची जबाबदारी टाकली होती. तर कोटेशनमध्ये मलबा उचलायचा खर्च आणि तो कुठे टाकणार ते दोन्ही लिहून घ्या. चांगल्या कडप्प्याच्या लाद्या फोडू न देता काढून ठेवल्या तर गावाकडे गोठ्यात, बाल्कनीत कुठेही लागतात. आणि नव्या किचनमध्ये घंटागाडीसाठी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्यांची जागा प्लॅनमध्येच काढा, शंभरातल्या नव्वद डिझाइनमध्ये एकच छोटी बादली दाखवतात, तीही शटरला टांगलेली, रोजच्या भाजीच्या देठांना पुरत नाही.

संपादक महाशय, पत्र लांबलं, पण माझी विनंती छोटी आहे. आपल्या पुरवणीत किचनच्या फोटोंसोबत निम्मं पान तरी मापांना द्या. गॅसचं काम करणारे, वायरमन, प्लंबर, गवंडी, सुतार, फिजिओथेरपिस्ट यांना लिहितं करा, त्यांना साईटवर काय दिसतं ते वाचायला मिळू द्या. आणि वाचक भगिनींकडून त्यांची उंची, त्यांच्या ओट्याची उंची आणि कुठे दुखतं एवढ्या तीन गोष्टी मागवून छापा. पत्रं भरपूर येतील याची मला खात्री आहे, पहिलं माझं धरा: उंची पाच फूट एक इंच, जुना ओटा छत्तीस इंच, दुखायचा उजवा खांदा, नवा ओटा तेहतीस इंच.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक